‘तुमचं जैविक वय ५८’ : रिपोर्टपासून सुरू होणारा गंडा

वय कमी करून देण्याच्या धंद्यात गोळ्या नंतर येतात. आधी येतो रिपोर्ट, आणि खरा गळ तोच असतो. ५२ वर्षांच्या एका गृहस्थांची फसवणूक याच साच्यातली. घरी आलेल्या किटच्या नळीत लाळ भरून पाठवली. रिपोर्ट आला : जैविक वय, म्हणजे शरीर किती म्हातारं झालंय याचा अंदाज, ५८. पाठोपाठ ‘दीर्घायुष्य सल्लागारा’चा फोन. सहा महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ, शेवटी दुसरी चाचणी मोफत. दुसऱ्या चाचणीत, या वेळी रक्ताच्या, वय ५४ निघालं. गृहस्थ खूश झाले आणि लगेच वर्षभराचं पॅकेज घेऊन बसले.

ही चार वर्षं गेली कुठे? बहुधा कुठेच नाही.

डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गट (छोट्या रासायनिक खुणा) किती चिकटलेत हे चिपवर मोजायचं आणि त्यावरून वय काढायचं, असं हे ‘एपिजेनेटिक घड्याळ’ चालतं. २०१३ साली स्टीव्ह होर्व्हाथ यांनी मांडलेलं घड्याळ ३५३ जागा वापरतं. संशोधनासाठी ते कामाचं आहे, कारण तिथे शेकडो-हजारो लोकांची सरासरी घेतात आणि मोजमापातल्या चुका एकमेकींना खातात. एकट्या माणसाच्या आकड्यात मात्र त्या चुका तशाच शिल्लक राहतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच नमुन्याची दोनदा मोजणी केली, तर सहा नावाजलेल्या घड्याळांवर दोन उत्तरांत ९ वर्षांपर्यंत फरक निघाला. रक्त तेच, माणूस तोच. मग ५८ चे ५४ झाले याला पुरावा म्हणायचं तरी कसं?

त्यातही एक मेख आहे. पॅकेज गळ्यात मारलं जातं ते ज्यांचा आकडा जास्त आलाय त्यांच्या. त्यांतल्या बऱ्याच जणांचा आकडा निव्वळ मोजणीच्या चुकीने वर गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या खेपेला काहीही न करता तो खाली येतो. कॅप्सूलऐवजी साखर दिली असती तरी समाधानी ग्राहक मिळालेच असते. लाळेतल्या आणि रक्तातल्या पेशींचं मिश्रण वेगळं, त्यामुळे एकदा लाळ आणि एकदा रक्त ही तुलनाच होऊ शकत नाही. पहिल्या चाचणीच्या वेळी ताप किंवा संसर्ग असेल तर पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदलतं, आकडाही हलतो. चाचणी करायचीच असेल तर एकाच दिवशी घेतलेला एकच नमुना दोन कोडखाली पाठवायला सांगावं. दोन उत्तरं द्यायला विक्रेता का-कू करत असेल तर समजून जावं.

आता बाटली. बहुतेक पॅकेजांत एनएमएन (निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड) असतं. ते शरीरात एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा रेणू, तयार करायला वापरलं जातं, आणि वयाबरोबर अनेक ऊतींमध्ये एनएडी घटतं, इथवर ठीक. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रियांवरच्या २०२१ च्या चाचणीत रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन १० आठवडे दिल्यावर स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. आयुष्य वाढतं असं मात्र कुठल्याही मानवी चाचणीने दाखवलेलं नाही. माहितीपत्रकात उंदरांचे आलेख छापतात, तिथे डोसचा हिशोब करून पाहावा. उंदरांना दिलेले ३०० मिलिग्रॅम प्रति किलो माणसासाठी काढताना शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात १२.३ ने भागतात : ६० किलोच्या माणसाला साधारण १४६० मिलिग्रॅम. आलेख त्या डोसचा दाखवायचा आणि कॅप्सूल १२५ ची विकायची, हा सर्रास चालणारा प्रकार. (म्हणून १४६० घ्या असं नाही.) लेबलवर ‘५०० मिलिग्रॅम’ ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘४ कॅप्सूलमध्ये’. म्हणजे ६० ची बाटली १५ दिवसांत रिकामी. ‘विशेष मिश्रण ६०० मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलेलं असेल तर कशात काय किती हे कळायला मार्गच नाही.

सोबत दिलेल्या ‘९९ टक्के शुद्ध’ प्रमाणपत्रावर बॅच नंबर बघा. तो बाटलीवरच्या नंबराशी जुळला नाही तर तो कागद भलत्याच मालाचा. जुळला तरी ‘शुद्धता’ ही कच्च्या पावडरीची असू शकते; आपल्याला हवी असते प्रति कॅप्सूल मात्रा. एनएमएनच्या जागी स्वस्त निकोटिनामाइड, म्हणजे साधं ब ३ जीवनसत्त्व, भरलं तरी दिसायला पांढरी पावडरच. दोन्ही पदार्थ अतिनील प्रकाश २६० नॅनोमीटरच्या आसपास शोषतात, त्यामुळे नुसत्या यूव्ही तपासणीत हातचलाखी खपून जाते. एचपीएलसीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत, दोन्ही वेगवेगळे निघतात. तपासणी करून घेताना ‘एनएमएन आणि निकोटिनामाइड, दोन्ही प्रति कॅप्सूल’ असं लिहूनच मागावं. ओल आणि उष्णतेत एनएमएन तुटून निकोटिनामाइड होतं, म्हणून तयार पातळ औषधाच्या बाटलीवर तर अजिबात भरवसा ठेवू नये.

द्राक्षांच्या सालीत सापडणाऱ्या रेस्वेराट्रॉलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अमेरिकेत तीन प्रयोगशाळा एकाच वेळी उंदरांवर औषधं तपासतात, तिथे त्याने आयुष्य वाढलं नाही. एनएमएनसारखंच एनएडी बनवायला वापरलं जाणाऱ्या निकोटिनामाइड रायबोसाइडनेही नाही. रॅपामायसिनने वाढलं, २००९ च्या निकालात औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे म्हाताऱ्या उंदरांना सुरू केलं होतं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं, अवयव प्रत्यारोपणात वापरायचं औषध आहे. ते चिठ्ठीशिवाय घरपोच देणारा माणूस जखम, संसर्ग, रक्तातली चरबी यांपैकी काहीच तपासणार नाही.

गोळ्या पचल्या की पुढची पायरी सुईची. एनएडीची सलाइन भराभर सोडली तर मळमळ, पेटके, छातीत आवळल्यासारखं होतं. ‘औषध काम करतंय’ असं सांगून तेही विकतात. तरुणांचा प्लाझ्मा चढवण्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) फेब्रुवारी २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता : सिद्ध झालेला फायदा नाही, धोके आहेत.

पैसे अडकले असतील तर एक सीलबंद बाटली न उघडता ठेवा, जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढा, आणि आपोआप कापला जाणारा हप्ता विक्रेत्याच्या हेल्पलाइनवर नव्हे, थेट बँकेत बंद करा. कार्डाच्या तक्रारीत ‘गुण आला नाही’ लिहिलं तर लेबलवरची ‘परिणाम व्यक्तीनुसार वेगळा’ ही ओळ तुमच्यावरच उलटते. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहा आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट जोडा. अशा तक्रारीला अनेक कार्डांवर १२० दिवसांच्या आसपास मुदत असते. पॅकेज सहा महिन्यांचं आणि मोफत चाचणी अगदी शेवटी, म्हणजे वाट बघत बसलात तर तोवर मुदत टळलेली असते. तपासणीला कॅप्सूल पाठवायच्या त्या पहिली बाटली हातात पडल्याच्या आठवड्यातच.