रावपुऱ्यातला काचवाला: काम चांगलं, पण माप घ्यायला त्यालाच घरी बोलवा

मागच्या महिन्यात आमच्या डायनिंग टेबलची काच गेली. गॅसवरचा कुकर सरळ काचेवर ठेवला (कोणी ते लिहीत नाही, घरात शांतता हवीय) आणि टक्क करून आरपार तडा. साधी 5 एमएमची होती, काचेत उष्णता पटकन पसरत नाही ना, कुकरखालचा भाग तापून फुगायला बघतो आणि बाजूची थंड काच त्याला फुगू देत नाही, मग दुसरं काय होणार.

बडोद्यात रावपुरा टॉवरच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुकान आहे तिथे गेलो. तिथले काका निम्मं गुजराती निम्मं मराठी बोलतात, गिऱ्हाईकाला घाई करत नाहीत, हे पहिलं आवडलं. मी थांबलो होतो तेव्हा एक पोरगा आरसा कापत होता. कटरचं बारीक चाक रॉकेलमधे बुडवून पट्टीला लावून एकच रेघ, कर्रर्र, परत फिरवायचं नाही, आणि लगेच टेबलाच्या कडेवर धरून हलका दाब, खट्. एवढी घाई का विचारलं तर म्हणे रेघ शिळी झाली की काच वाकडी तुटते. मी बघतच बसलो राव.

काकांनी 8 एमएम टफन सुचवली. साधीच काच आधी मापात कापून, कडा घासून, भट्टीत 600 डिग्रीच्या वर तापवतात आणि मग दोन्हीकडून जोरात हवा मारतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून आकसतो आणि वरच्याला सगळीकडून आवळून धरतो, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट दणकट. फुटलीच तर लांब सुरे नाही होत, खडीसाखरेसारखे दाणे पडतात, पोरं असलेल्या घरात हे बरं.

आता रडगाणं. माप मी दिलं होतं, एकाच टोकाला टेप लावून. टेबल आजोबांच्या वेळचं सागवानी, चौकट गुण्यात (काटकोनात) नाही हे कोणाला माहीत! सहा दिवस सांगून अकराव्या दिवशी काच आली आणि खाचेत बसेना, एका बाजूला दोन सूत (पाव इंच) मोठी. म्हटलं घासून द्या थोडी. काका हसले, "भाई, हवे आ न कपाय." टफन झाल्यावर कापायला गेलं तर तो आवळलेला ताण सुटतो आणि अख्खी काच दाणे होऊन खाली येते. चूक माझी, पण एवढी मोठी ऑर्डर घेताना माणूस पाठवून माप घ्यायला नको का?

शेवटी सुताराला बोलावलं, त्याने लाकडाची खाच दोन सूत वाढवली.

खरीच टफन आहे का म्हणून बायकोचा पोलराइज्ड गॉगल लावून बघितलं (ही ट्रिक काकांचीच), आभाळाकडून तिरक्या उजेडात ओळीने काळपट ठिपके दिसले, हवेच्या झोताच्या खुणा त्या. साध्या काचेत नाही दिसत. एक कोपरा जरा खरखरीत राहिलाय, तो भिंतीकडे फिरवलाय.

पाचातले चार. कुकर आता लाकडी पाटावर.