रेषेचा आलेख: अक्षांवरचे बिंदू घ्यावेत की पूर्णांकी बिंदू शोधावेत?

३क्ष + ४य = १२ असं समीकरण समोर असेल तर फार विचार करायला नको. य शून्य धरला की (४, ०), क्ष शून्य धरला की (०, ३). पट्टी लावा, रेघ ओढा. अक्षांसोबत होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं असेल तर हे दोन बिंदू लागतातच. मीही बरीच वर्षं सरसकट हेच करायचो.

मत फिरलं ते ५क्ष − ३य = १ मुळे. जोडीला क्ष + य = ५ होतं आणि उकल आलेखावरूनच काढायची होती. अक्षांवरचे बिंदू आले (१/५, ०) आणि (०, −१/३). एका सेंटिमीटरला एक एकक धरलं तर दोघांत जेमतेम चार मिलिमीटर अंतर! त्यात एक तृतीयांश आलेख कागदाच्या बारीक रेघांवर कुठेच नेमका बसत नाही, तो अंदाजानेच मांडायचा. पेन्सिलीचं टोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं, की दहा सेंटिमीटर पुढे गेल्यावर रेघ सेंटिमीटरभराहून जास्त सरकलेली असते. उकल (२, ३) यायला हवी होती, माझ्या रेषा छेदल्या (१.७, ३.३) च्या आसपास. आकडेमोड तीनदा तपासली, ती अगदी बरोबर होती.

आता मी आधी य = (५क्ष − १)/३ असं मांडून घेतो आणि क्षला ०, १, २ अशा किमती देऊन बघतो. क्ष २ असताना य पुरता ३ येतो. एक बिंदू हाती लागला की पुढचे आपोआप मिळतात: क्ष ३ ने वाढवला की य ५ ने वाढतो. (−१, −२), (२, ३), (५, ८). तिन्ही ठळक रेघांच्या छेदावर, एकमेकांपासून चांगले लांब. शिवाय दोन बिंदूंतून रेघ जातेच, मग त्यातला एक चुकलेला असला तरी कळत नाही. चिन्हाची चूक झाली असेल तर ती तिसऱ्या बिंदूवर उघडी पडते.

३क्ष = २य सारख्या समीकरणात तर अक्षांवरचे दोन्ही बिंदू आरंभबिंदूतच मिळतात, तिथे दुसरा बिंदू शोधावाच लागतो.

वेळ थोडा जास्त जातो, हे मान्य. आणि २क्ष + ४य = ५ ला पूर्णांकी बिंदू मिळणारच नाही, कारण पूर्णांक घेतले की डावी बाजू कायम सम येते. तिथे मी (२.५, ०) आणि (०.५, १) घेतो, आणि ताळ्यासाठी (−१.५, २).