व्हर्टिकल अँटेनाचा खांब: ठोकायचा, सिमेंटमध्ये गाडायचा की बिजागरीवर उभा करायचा?

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी) व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, लावायचं ठरलंय, रेडियल्सची, म्हणजे अँटेनाच्या पायापासून चहूकडे जमिनीवर पसरायच्या तारांची, वायर आणून ठेवलीय आणि खालच्या खांबापाशी गाडी अडलीय, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. अँटेना कुठला घेतला ते नंतर, आधी जमीन काळी आहे, मुरमाड आहे की जांभा ते बघा, आणि जागा स्वतःची आहे की भाड्याची तेही बघा.

ठोकायचा खांब सगळ्यात स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम. तारकुंपणाला लावतात तो लोखंडी अँगल किंवा दीड इंची हेवी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप घ्या, ४-५ फुटांचा, त्यातला निदान ३ फूट जमिनीत गेला पाहिजे. मुरमाड जमिनीत हा असा घट्ट बसतो की २० मीटर बँडचा ५ मीटर उंचीचा अँटेना आरामात पेलतो. आधी पहारीने वाट करून घ्या, थोडं पाणी ओता, आणि घण मारताना पाईपच्या तोंडावर लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर तोंड फाकतं आणि मग इन्सुलेटरचा, म्हणजे अँटेना आणि खांब यांच्यात वीज जाऊ न देणाऱ्या तुकड्याचा, दांडा आत जाता जात नाही, हॅकसॉ घेऊन बसावं लागतं. अँटेनासोबत ॲल्युमिनियमची नळी आली असेल तर तिच्यावर घण मारूच नका. भाड्याच्या घरात राहत असाल तर डोळे झाकून हाच प्रकार, जाताना हलवून हलवून उपटून नेता येतो. कोकणात जांभ्यावर मात्र ठोकणं जमत नाही, पहार अडकते नाहीतर चिरा फुटतो, तिथे खड्डा खोदून काँक्रीटच करा.

काँक्रीटला १ फूट बाय १ फूट, अडीच फूट खोल खड्डा पुरतो, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मालाला साधारण अर्धी गोणी सिमेंट लागतं. तळाला ४ इंच खडी टाका आणि पाईपचं टोक त्या खडीत उघडं ठेवा म्हणजे आत उतरलेलं पाणी निघून जातं. पाईप दोन बाजूंनी ओळंब्याने बघा, एकाच बाजूने सरळ दिसलेला पाईप दुसऱ्या बाजूने हमखास झुकलेला असतो. किमान ७ दिवस पाणी मारा, तोवर वर काही चढवायचं नाही. ॲल्युमिनियमची नळी थेट ओल्या सिमेंटमध्ये गाडू नका, सिमेंट तिला खातं, बाहेरून पीव्हीसी पाईपचं आवरण द्या.

आता काळी जमीन. बार्शीकडे शेतावर मी पहिला खांब असाच गाडला होता, गवंडीकाम स्वतः केलं, वर्षभर नजर लागावी असा सरळ उभा होता. एप्रिलमध्ये ठोकळ्याच्या चारी बाजूंनी जमीन फाटली, भेगेत माझी चार बोटं जायची, आणि जुलैच्या पावसात माती फुगली तेव्हा एका बाजूने जास्त फुगली, अख्खा ठोकळा खांबासकट कलला. सिमेंट ठणठणीत होतं, हलली ती माती. म्हणून काळ्या जमिनीत खड्डा तिप्पट रुंद घ्या, मधे काँक्रीट आणि चारी बाजूंनी मुरूम थरथर टाकून धुमसून घ्या. थोडी हालचाल तरीही होणारच, तेवढी दरवर्षी ताणाच्या दोऱ्यांनी काढता येते.

४० मीटरचा पाव वेव्हलेंग्थ, म्हणजे लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतका, व्हर्टिकल १० मीटर, म्हणजे जवळजवळ ३३ फूट. एवढ्या उंचीला खालचा खांब फक्त पाय जागेवर धरतो, वाऱ्याला तोंड देतात त्या ताणाच्या दोऱ्या, त्यामुळे खांब आणखी जाड करण्यापेक्षा तो खर्च दोऱ्यांवर आणि बिजागरीवर करा. काँक्रीटमध्ये चार फाउंडेशन बोल्ट सोडायचे, त्यावर बिजागरीची प्लेट, वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो. खर्च तिघांत जास्त, पण वळवाचं आभाळ भरून आलं की दोघं जण अँटेना आडवा करून ठेवू शकता, आणि ट्युनिंगला, म्हणजे अँटेना बँडशी जुळवायला, नळी पाच वेळा कमीजास्त करायची तेव्हा शिडी लागत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी अलिबाग-श्रीवर्धनकडे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, आणि रेडियल्सची तांब्याची वायर ॲल्युमिनियमला किंवा जीआयला थेट लावू नका, मधे स्टेनलेसचा वॉशर घाला, खाऱ्या हवेत तो जोड लवकर सडतो.

तिन्ही प्रकारांत खांब जमिनीवर गरजेपेक्षा जास्त वर काढू नका, फीडपॉइंट, म्हणजे रेडिओची केबल अँटेनाला जोडतात ती जागा, खालीच राहिला पाहिजे, गवत आणि साचलेलं पाणी टळेल इतका वर असला की झालं. आणि खड्ड्याची खूण करण्याआधी वर बघा. अँटेना कुठल्याही बाजूला पडला तरी महावितरणच्या तारेपर्यंत पोचता कामा नये, बिजागरी ज्या दिशेला झुकणार तिकडे तर दोनदा मोजा. हे जमत नसेल तर ती जागा सोडा, दुसरी शोधा.

काळ्या जमिनीवाल्यांनी काम दिवाळीनंतर काढावं, मे महिन्यात पहार उडते आणि श्रावणात खड्ड्यात पाणी भरतं, दिवाळीनंतरची ओल मात्र खोदायला अगदी बेताची असते.