एनसीपीए: टाटा थिएटरमधला खयाल की भाभा थिएटरमधला ऑपेरा?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) एकाच महिन्यात खयालाची मैफल आणि ऑपेरा असे दोन्ही असेल आणि परवडणारे तिकीट एकच असेल, तर मी टाटा थिएटरकडेच वळेन. अमेरिकी वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी रचलेले, १९८० साली खुले झालेले हे पंख्याच्या आकाराचे सभागृह श्रोत्याला गायकाच्या इतके जवळ आणते की तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी आस, आणि षड्ज लावण्यापूर्वी घेतलेला श्वासही कानी पडतो. ऑपेरासाठी मात्र १९९९ सालचे जमशेद भाभा थिएटरच योग्य. वाद्यवृंद रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसतो आणि गायकाचा आवाज ध्वनिवर्धकाविना त्यावरून पोहोचावा लागतो. नाट्यपदांवर वाढलेल्या रसिकाने पुढच्या महिन्याचे पैसे त्यासाठी राखून ठेवावेत, कारण बहुतेक ऑपेरांत संवादही गाऊनच पुढे सरकतो.