जुना पूल: डागडुजी, पाडून बांधणी की शेजारी नवा?

महामार्गावरचा पूल म्हातारा झाला की गावात तीन पार्ट्या पडतात. ज्याचं पुलाच्या तोंडाशी हॉटेल आहे तो म्हणतो, डागडुजी करा आणि चालू ठेवा. दिवाळी-गणपतीला गाडी घेऊन येणारा म्हणतो, पाडा आणि तिथेच चकाचक बांधा. आणि ज्याची जमीन नदीपासून लांब आहे तो अगदी उदार मनाने सांगतो, शेजारी नवा बांधा. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. पुलांच्या कामांवर तीसेक वर्षं घालवल्यावर माझा कल तिसऱ्याकडे झुकतो, पण त्याला काही अटी आहेत. तुमच्या गावाला, कृती समितीला किंवा पंचायतीला मत द्यायचं असेल, तर हे वाचून द्या.

पहिली गोष्ट म्हणजे पुलाचं वय डोक्यातून काढा. महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी कमानीचा पूल १९२८चा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तो पुरात गेला, दोन एसटी आणि एक तवेरा घेऊन. ८८ वर्षं उभा होता. गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५चा, ९ जुलै २०२५ला त्याचा गाळा (दोन खांबांमधला भाग) कोसळला, म्हणजे ४० वर्षांत. आणि पणजीचा मांडवीवरचा पूल १९७०ला सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ला पडला, १६ वर्षांत. गर्डरमधल्या, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळयांमधल्या ताण दिलेल्या तारा आतून गंजल्या होत्या. आजोबांच्या वेळचा दगडी पूल बघून आपण घाबरतो आणि काँक्रीटचा दिसला की निर्धास्त होतो, ते बरोबर नाही. १९६५ ते ८५ या काळातले काँक्रीटचे पूल मला दगडी कमानींपेक्षा जास्त धास्तावतात. कमान पोटात फुगते, तिचा चुना झडतो, सांध्यातून पिंपळ उगवतो, हे सगळं बाहेरून दिसतं. काँक्रीटच्या आतली गंजकी तार गिलाव्यामागे लपून बसते.

आधी दोन आकडे काढा

पर्यायांची तुलना करण्याआधी दोन आकडे हाताशी हवेत. एक, पूल बंद झाला तर वळसा किती किलोमीटरचा. दोन, आजवरच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं.

वळशाचा हिशेब कोणी करत नाही, कारण तो खर्च सरकारी अंदाजपत्रकात येत नाही, तुमच्या-आमच्या खिशातून जातो. समजा रोज ३,००० वाहनं, वळसा २७ किलोमीटर जास्तीचा आणि काम १८ महिने. रोजचे ८१,००० किलोमीटर होतात. ५४० दिवसांचे साधारण ४ कोटी ३७ लाख. दुचाकीपासून ट्रकपर्यंत सरासरी किलोमीटरला १० रुपये धरले, तरी ४३ कोटींच्या वर जातात. सावित्रीवरचा नवा तीनपदरी पूल सुमारे ३६ कोटींत झाला होता. म्हणजे वळसाच पुलाहून महाग पडला, आणि शाळा बुडालेली पोरं, रुग्णवाहिकेचा वाढलेला पाऊण तास यात धरलेलाच नाही. याउलट ४ किलोमीटरवर दुसरा धड पूल असेल, तर हेच गणित पार उलटं होतं. म्हणून हा आकडा आधी.

पाण्याची पातळी काढायला कागदापेक्षा म्हातारी माणसं बरी. एका कामावर सल्लागाराच्या नकाशात पूरपातळी जिथे दाखवली होती, त्याच्या दीड हात वर देवळाच्या ओट्याच्या दगडात टाकीने कोरलेली रेघ होती. गुरवाने बोट ठेवून दाखवली, म्हणून कळली. नाहीतर पुलाची उंची तेवढ्याने कमी धरून काम पुढे गेलं असतं. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. पण चिपळूणमध्ये २००५ची खूण २०२१च्या जुलैने ओलांडली, सोळा वर्षांत. तेव्हा जुनी रेघ हा कमीत कमी आकडा समजा.

डागडुजी आणि मजबुतीकरण

हा सगळ्यात स्वस्त पर्याय आणि पुढाऱ्यांना सगळ्यात आवडता, कारण एका हंगामात फीत कापता येते. बेअरिंग (खांब आणि गर्डर यांमधली टेकणं) बदलायची, भेगांत ग्राउट म्हणजे पातळ सिमेंट भरायचं, खांबांना काँक्रीटचं जॅकेट चढवायचं, सांधे नवे टाकायचे. गर्डर आणि खांब मुळात धड असतील आणि तक्रार फक्त बेअरिंग-सांध्यांची असेल, तर खुशाल करा. जॅक लावून गाळा बोटभर उचलतात आणि चहाच्या बशीएवढी गंजलेली बेअरिंग काढून नवी बसवतात. बघण्यासारखं काम असतं.

पण दुरुस्तीने तीन गोष्टी होत नाहीत. पूल रुंद होत नाही. उंच होत नाही. आणि पाया दिसत नाही. शेवटची सगळ्यात वाईट. वाळूउपशाने पात्र खाली गेलं की ज्या पायाला कधीकाळी दोन पुरुष माती होती तो उघडा पडतो. वरून जॅकेट चढवलेला खांब नव्यासारखा दिसतो आणि खाली पायाजवळ पाणी भोवरे घालत असतं. सावित्रीचा पूल पडला त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नसल्याचा शेरा होता, हे तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. नुसत्या नजरेच्या पाहणीवर एवढंच कळतं. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे पुलाच्या मजबुतीची तपासणी म्हटलं की विचारा, पाणबुड्या उतरवला होता का? पायाची खोली मोजली का? नुसते वरून काढलेले फोटो असतील, तर तो अहवाल अर्धाच आहे.

शिवाय वजन. २०१८मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली, तीन ॲक्सलची गाडी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. पूल मात्र रातोरात मजबूत झाले नाहीत. उसाच्या पट्ट्यात तर ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांवर किती टन, ते कारखान्याच्या काट्यालाच ठाऊक.

पाडून त्याच जागी

याची मोठी जमेची बाजू म्हणजे जमीन जवळजवळ लागत नाही. रस्त्याची आखणी तीच राहते, पोचरस्ते तेच राहतात, सातबाऱ्याला हात लागत नाही. भूसंपादनाच्या नोटिसा, मोजणी, हरकती, मोबदल्याचा वाद यांत जी वर्षं जातात ती वाचतात. नदीत एकच पूल राहतो, त्यामुळे पाण्यालाही अडसर कमी.

दुखणं एकच, पण मोठं. मधल्या काळात जायचं कुठून? ठेकेदार नदीत ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे नळ) टाकून मुरुमाचा भराव करून देतो. उन्हाळ्यात तो मस्त चालतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात जातो. आपल्याकडे नदीत काम करायला नोव्हेंबर ते मे एवढाच काळ मिळतो. मध्यम पुलाला साधारणपणे एक हंगाम पायाला आणि एक वरच्या बांधणीला लागतो, म्हणजे मधला एक पूर्ण पावसाळा गाव तुटलेलं. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ला सुरू झाला, हे खरं. तो आकडा प्रत्येक ग्रामसभेत कोणी ना कोणी फेकतोच. पण तिथे अख्ख्या देशाची नजर होती, पैसा हजर होता, आणि शेजारी दुसरा पूल उभा होता ज्यावरून वाहतूक वळवता आली. तुमच्याकडे यातलं काय आहे ते बघा.

वळसा ५-७ किलोमीटरच्या आत असेल आणि त्या रस्त्यावरचे पूलही भार घेण्याजोगे असतील, तर माझं मत बिनदिक्कत यालाच. ती दुसरी अट लोक विसरतात. महामार्गाची सगळी वाहतूक जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरच्या साकवावर ढकलली, की एकाऐवजी दोन पूल बदलावे लागतात.

शेजारी नवा

वाहतूक चालू राहते, काम निवांत होतं, उंची-रुंदी हवी तशी घेता येते. वळसा लांबचा असेल तर हाच पर्याय. मात्र याचे काटे सगळे कागदात असतात.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ब्रिटिशांच्या काळातला. शेजारच्या पर्यायी पुलाचं काम बरंचसं झालेलं असताना ते पुरातत्त्व कायद्याच्या परवानगीत अडकलं, कारण जवळच ब्रह्मपुरी टेकडीची संरक्षित जागा. काम वर्षानुवर्षं अर्धवट लोंबकळलं. २६ जानेवारी २०१८च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत गेली, १३ जण गेले. पर्यायी पूल सुरू झाला २०१९मध्ये. तेव्हा शेजारच्या पुलाला होकार देण्याआधी दोन्ही काठांवर काय काय आहे ते पायी फिरून बघा: संरक्षित स्मारक, वनजमीन, स्मशान, देवस्थानची इनाम जमीन, पाणीयोजनेची विहीर. यातलं प्रत्येक म्हणजे एक वेगळं खातं आणि एक वेगळा शिक्का.

दुसरी गोष्ट अभियंतेही घाईत सोडतात. जुना पूल शेजारी उभा ठेवायचा का? लोकांना ठेवायचा असतो, पायी फिरायला, आठवण म्हणून. पण जुन्याला दहा कमानी आणि नव्याला चारच लांब गाळे असतील, तर पुरात पाणी तुंबवण्याचं काम जुनाच करणार. वाहून आलेली झाडं त्याच्याच कमानीत अडकणार. नव्या पुलाचे लांब गाळे मग नुसते शोभेचे. ठेवायचाच असेल तर नवा पूल प्रवाहाच्या वरच्या अंगाला घ्या, म्हणजे जुना उद्या पडलाच तर त्याचे दगड नव्याच्या खांबांवर येणार नाहीत. त्या बदल्यात जुन्यामुळे पाणी अडून चढणारा फुगवटा नव्याच्या उंचीत धरावा लागतो. आणि नव्याचे खांब जुन्याच्या खांबांच्या रेषेत आहेत का, ते नकाशावर पट्टी ठेवून तपासा. आडवेतिडवे असले की दोन रांगांच्या मध्ये पाणी पिसाळतं आणि तळ कोरतं. माझं विचाराल तर, कमान खरोखर वारसा म्हणून जपण्याजोगी नसेल, तर नवा सुरू झाल्यावर एका वर्षात जुना पाडावा, आणि पाडायचा खर्च त्याच निविदेत असावा. वेगळी निविदा काढू म्हणाले की तो पूल तुमच्या नातवंडांनाही दिसणार.

गावापासून दूर नेऊन बायपाससह पूल हा चौथा पर्यायही असतो. चौपदरीकरण येणारच असेल तर तो आपोआप येतो, नाहीतर त्यावर वेळ घालवू नका.

उंची आणि पाया

पुरात पाण्याखाली जाणारा बुडीत पूल स्वस्त पडतो, पण महामार्गावर तो मागूही नका, मंजूर झाला तर घेऊही नका. उंच पुलाला इंडियन रोड्स काँग्रेसचा साधा नियम आहे: पूरपातळी आणि गर्डरचा तळ यांत मोकळी जागा सोडायची. सेकंदाला ३०० ते ३,००० घनमीटर पाणी असेल तर १.२ मीटर, त्याच्या वर १.५ मीटर. ती जागा वाहून येणाऱ्या ओंडक्यांसाठी असते. खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री इथेच लागते, म्हणून आराखड्यात हा आकडा स्वतः शोधा.

पायासाठी प्रत्येक खांबाच्या जागी कातळ किती खोल आहे ते बघायला बोअर मारलेला हवा. सह्याद्रीच्या पायथ्याशी दोन मीटरवर कातळ लागतो आणि पंधरा मीटर पलीकडे तोच दहा मीटर खाली गेलेला असतो. काठावर दोन बोअर मारून मधलं अंदाजाने भरलं, की काम चालू असताना पाया बदलतो, दर बदलतो आणि ठेकेदार काम सोडून बसतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. चार खांब उभे आणि पाचव्याच्या खड्ड्यात तीन वर्षं बेडूक.

तोवर जुन्याचं काय

नवा मंजूर झाला म्हणजे जुना सुरक्षित झाला, असा एक समज असतो. गंभीरा पुलाच्या शेजारी २१२ कोटींचा नवा पूल मंजूर होता. जुन्यावरून ट्रक चालूच होते. गाळा पडला तेव्हा किमान २० जीव गेले. म्हणून कोणताही पर्याय निवडा, जड वाहनं जुन्यावरून कधी बंद होणार ती तारीख आधी लेखी घ्या. दोन्ही तोंडांना उंच गाड्या अडवणारी लोखंडी कमान, म्हणजे हाइट बॅरिअर लावून घ्या, आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूस नेमा. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री ती कापायला कोणीतरी गॅस कटर घेऊन येतंच.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट. पुलाच्या पोटाखाली वाकून बघा. बहुतेक ठिकाणी गावाच्या नळयोजनेची पाइपलाइन आणि कुठल्यातरी कंपनीची केबल क्लॅम्पने लटकलेली असते. पूल पाडायच्या अंदाजपत्रकात ती पाइपलाइन हलवायची तरतूद आहे का ते विचारा. एका गावात नव्हती. पूल पाडला सोमवारी आणि मंगळवारपासून गावाला टँकर.