कराटे क्लास लावताय? आधी तिथली शपथ ऐकून या – आमचा दीड वर्षाचा अनुभव

ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं की मुलाचा कराटे क्लास कसा आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मुलगा ९ वर्षांचा आहे, दीड वर्ष झालं शोतोकान कराटेला (कराटेचा एक प्रकार) जातोय, आमच्या सोसायटीच्या मागच्या शाळेचा हॉल आहे तिथे, आठवड्यातून ३ दिवस, महिन्याला ९०० रुपये.

त्याआधी तो दुसऱ्या एका क्लासला ७-८ महिने जात होता, नाव नाही घेत. तिथे दर थोड्या दिवसांनी बेल्टची परीक्षा आणि तिची वेगळी फी, ते पण एक वेळ चाललं असतं. पण क्लासच्या शेवटी म्हणायची शपथ तिथेही होती, जपानीत, आणि पोरं ती एका दमात संपवून चपला शोधायला पळायची. मुलाला अर्थ विचारला तर माहीत नाही, सरांना विचारलं तर म्हणाले मॅडम ती परंपरा असते. त्याच दिवसांत त्याने स्कूलबसमध्ये एका मुलाच्या पोटात पंच मारला, मला शाळेत बोलावलं, आणि घरी येताना तो मला सांगतोय, "आई, पंच एकदम बरोबर बसला होता." मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी क्लास बंद.

नवीन क्लासला पहिल्या दिवशी मी पूर्ण वेळ मागे बसून होते. आत येताना दारात वाकून नमस्कार, चपला बाहेर ओळीत, तोंड बाहेरच्या बाजूला. मग मुलांनीच ओली फडकी घेऊन अख्खा हॉल पुसला, ब्राऊन बेल्टवाली मोठी मुलं पण त्यात, कोणालाही सूट नाही. आमच्या घरी हा मुलगा पाण्याचा ग्लास उचलत नाही हो! शेवटी सगळे गुडघे दुमडून बसले, थोडा वेळ डोळे मिटून शांत, मग एका मोठ्या मुलीने शपथ सांगायला सुरुवात केली आणि बाकीचे तिच्यामागून, अगदी सावकाश.

ह्या शपथेला दोजो कुन म्हणतात, म्हणजे तालमीचे नियम. पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ "हितोत्सु" ने सुरू होते, हितोत्सु म्हणजे एक. मला वाटलं एक, दोन, तीन असेल, पण नाही, पाचही वेळा एकच. सरांनी मुलांना कारण सांगितलं की पाचवा नियम पहिल्यापेक्षा कमी असं कोणी समजू नये म्हणून सगळेच पहिले. मला हे इतकं आवडलं की घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. स्वभाव घडवत राहा, खरेपणाने वागा, प्रयत्न सोडू नका, दुसऱ्याचा मान राखा ह्या चार ओळी आपल्या मुलांनी शाळेत, घरी कुठे ना कुठे ऐकलेल्या असतातच.

पाचवी मात्र वेगळी. "हितोत्सु, केक्की नो यू ओ इमाशिमुरु कोतो." केक्की म्हणजे उसळलेलं रक्त, तरुण रक्ताचा जोर, आणि त्या जोरात येणारं जे शौर्य असतं त्याला आवर घाला असं ती ओळ सांगते. सर मुलांना म्हणाले डोक्यात राख घालून मारलास तर ते शौर्य नाही, तिथे तू हरलास. मुलाने तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं, बसमधलं त्याला आठवलं असणार.

मी नंतर ह्याबद्दल बरंच वाचलं. शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी जपानमधल्या ओकिनावा बेटाचे, पेशाने शाळामास्तर, १९२२ मध्ये टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहून शिकवायला लागले. शोतोकानमधलं शोतो हे त्यांचं कवितेसाठी घेतलेलं नाव, पाइनच्या झाडांतून वारा जाताना लाटांसारखा आवाज येतो ना, तो. त्यांचे वेगळे २० नियम आहेत, पहिल्यात कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्काराने, आणि दुसऱ्यात कराटेत पहिला वार नाही. आणि हे नुसतं बोलायला नाही, मुलं सुरुवातीला ज्या पाच हेआन काता (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) शिकतात त्यातली प्रत्येक अडवण्याने सुरू होते, मारण्याने नाही. सर हे मुलांना काता करतानाच दाखवतात, "पहिला हात काय करतोय सांग?" असं विचारून. आधीच्या क्लासमध्ये पण ह्याच काता शिकवल्या होत्या, पण हे कोणी दाखवलंच नाही.

माझ्या भाचीचा तायक्वांदो क्लास आहे, त्यांच्या शपथेत तर सरळच आहे की मी ह्या विद्येचा गैरवापर कधीही करणार नाही. आणि माझे बाबा सांगलीकडे तालमीत जायचे, तिथे मारुतीला नमस्कार करून, तांबडी माती कपाळाला लावून मग आत उतरायचं, आणि वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की जोर रस्त्यावर दाखवायचा असेल तर उद्यापासून येऊ नको. बाबांना मी दोजो कुनचा अर्थ वाचून दाखवला तर म्हणाले, "हे तर आमच्या वस्तादांचंच आहे की!"

फरक पडला का? पडला. गेल्या महिन्यात खाली खेळताना एका मोठ्या मुलाने ह्याची बॅट ओढून घेतली. हा मुठी आवळून घरी आला, चेहरा लालबुंद, आणि म्हणाला "आई मला केक्की आलं होतं, म्हणून मी वर निघून आलो." मी त्याला जवळ घेतलं. मग आम्ही दोघं खाली जाऊन बॅट मागून आणली.

आता खटकणाऱ्या गोष्टी. हॉलमध्ये पंखे दोनच, एप्रिल-मे मध्ये पोरं घामाने निथळतात. मुलींना कपडे बदलायला जागा नाही, घरूनच ड्रेस घालून जावं लागतं, हे व्हायलाच हवं, मी दोनदा सांगितलंय. शपथेचा मराठी अर्थ लिहून देत नाहीत, मी ऐकून वहीत उतरवला आणि फ्रिजवर चिकटवला, खरं तर पहिल्या दिवशीच प्रत्येकाला कागद द्यायला पाहिजे. लहानांच्या बॅचला एकेक ओळ समजावणं महिन्यातून एकदाच होतं, ते दर आठवड्याला झालं तर फार बरं. आणि स्पर्धा, मेडल हवी असतील तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, इथे ब्राऊन बेल्टपर्यंत यायलाच मुलांना वर्षानुवर्षं लागतात आणि सर घाई करत नाहीत. मला हे चालतं, काही पालकांना नाही चालत, दोघांनी मुलं काढली.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो मुलींच्या जागेसाठी. बघायला जाणार असाल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ६ ते ७.१५, पालकांना मागे बसू देतात, फक्त मोबाईल सायलेंट ठेवा. आणि मधेच उठून येऊ नका, शपथ अगदी शेवटी असते.