मुंग्यांचं पहिलं घर: नळी, प्लास्टर की सिपोरेक्स?

मिरगाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) दिव्याखाली पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. त्यातली बरीचशी वाळवीच असते. कंबर जाड आणि चारही पंख एकसारखे असतील तर सोडून द्या. कंबर बारीक, शिंगं कोपरात वाकलेली आणि पंख गाळून भिंतीच्या कडेने धावणारी दिसली, तर ती बहुधा मीलन आटोपलेली राणी मुंगी. तिला पाळायचं तर ठेवायची कशात, हे त्याच रात्री ठरवावं लागतं.

व्हिडिओंमध्ये दाखवतात ती बहुतेक घरं कोरड्या हवेसाठी असतात, त्यांचा सगळा भर ओल टिकवण्यावर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी पट्ट्यालासुद्धा बुरशी येते. म्हणून गोव्यात घर निवडताना मी आधी एवढंच बघतो की ते कोरडं ठेवता येतं का.

एकट्या राणीसाठी काचेच्या नळीला तोड नाही. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात ती किरकोळ भावात मिळते. बारीक मुंग्यांना १६ मि.मी. तोंडाची पुरते, काळ्या मुंगळ्याच्या राणीला २० ते २५ मि.मी.ची बरी. एक तृतीयांश नळी पाण्याने भरा आणि पेन्सिलीने कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत सारा. बोळ्याची आतली बाजू ओली हवी, बाहेरची नुसती दमट. दाबल्यावर थेंब सुटत असेल तर कापूस कमी पडला. पुढची जागा कोरडी ठेवून राणी सोडा, तोंडाला सैल बोळा लावा, भोवती काळा कागद गुंडाळा आणि नळी खणात ठेवून द्या. मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता तिच्या कामाचे नसतात. ते आणि अंगातली चरबी जिरवून ती अळ्या पोसते. याला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो. रोज उघडून बघितलंत तर घाबरून ती स्वतःचीच अंडी खाईल.

नळीचा दोष एकच, कापूस काळा पडतो. थोडा पिवळेपणा चालतो. बुरशी पसरायला लागली तर नवी नळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा, जुनी उजेडात आणि नवी अंधारात ठेवा. मुंग्या आपणहून बिऱ्हाड हलवतात. चिमट्याने ओढाताण करायची गरज नाही. वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत दुसरं घर नकोच. मोठ्या घरात छोटी वसाहत एक कोपरा धरून बसते आणि उरलेल्या जागेत उष्टं, कचरा साठवते.

पुढच्या घरासाठी खरी निवड प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) आणि एएसी ब्लॉक (बांधकामातलं सिपोरेक्स) यांच्यातच आहे. पीओपीच्या गणेशमूर्तींवर गोव्यात बंदी असली तरी फॉल्स सीलिंगसाठी लागणारी पावडर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्लास्टिकच्या पारदर्शक डब्याच्या बुडाला मुलांच्या क्लेने दालनं आणि वाटा चिकटवायच्या, वर दोन भाग पावडर आणि एक भाग पाणी कालवून ओतायचं. घट्ट झाल्यावर गोळा बाहेर काढून क्ले खरवडायची आणि गोळा परत डब्यात बसवायचा. दिसतं छान, आणि मुलांना हा भाग सगळ्यात आवडतो. पण ओतायचं ते एप्रिल-मेमध्ये. जुलैत ओतलेलं प्लास्टर आतून वाळतच नाही, आणि ओल्या प्लास्टरवर काळे ठिपके आले की ते निघत नाहीत. शिवाय ओलं प्लास्टर मुंग्या कुरतडतात.

एएसी ब्लॉक म्हणजे गवंडी सिपोरेक्स म्हणतात तो हलका पांढुरका ब्लॉक. बांधकामाच्या जागी विचारलंत तर तुकडा फुकट मिळतो. लाकडाच्या करवतीने कापतो, जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोरता येतो. कोरण्याआधी तुकडा भिजवा आणि तोंडाला मास्क बांधा, ती धूळ छातीला वाईट. दालनं सेंटिमीटरभर खोल पुरतात. वर साइनबोर्डवाल्याकडचा ॲक्रिलिकचा कापलेला तुकडा ठेवून जाड रबरबँडने आवळा. सिलिकॉन लावलंत तर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. एका टोकाला खड्डा करून तिथेच पाणी घाला, म्हणजे एक बाजू दमट आणि एक कोरडी राहते. मुंग्या अळ्या-कोष हवे तिकडे हलवतात. पावसाळ्यात त्या खड्ड्यात आठवडेच्या आठवडे पाणी घालावं लागत नाही. प्लास्टरपेक्षा ओबडधोबड दिसतो खरा, पण मी सिपोरेक्सच घेईन.

दोन काचांमध्ये माती भरण्याचा मोह सगळ्यांना होतो. आपली तांबडी माती ओली झाली की काच माखते आणि बोगदे नेमके मधोमध, न दिसतील असे खणले जातात. जेलीने भरलेली घरं विकत मिळतात, ती नकोत. चिऱ्यात (जांभ्या दगडात) कोरलेलं घर कल्पनेत देखणं, पण चिरा भुगा होतो आणि वर काच सपाट बसत नाही. लाकूड म्हणजे वाळवीला आवतण. आणि हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, यातल्या कशातच नांदणार नाहीत. त्यांना जिवंत पानं शिवायला झाड लागतं.

घर कुठलंही असो, मुंग्या पळू नयेत म्हणून डब्याच्या काठाला टाल्कम पावडरचा लेप सांगतात, तो पावसाळ्यात ओला होऊन गळून पडतो. त्याऐवजी काठाच्या आतून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, ओघळ येता कामा नये. उलट बाजूने घरातल्या बारीक मुंग्या आत शिरून अळ्या पळवतात. त्यासाठी आजीच्या फडताळाखाली असायच्या तशा पाण्याच्या वाट्या स्टँडच्या पायांखाली ठेवा, आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून त्यातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला.